आत्याबाईंचा हात आणि आमची बिस्किटे

बिस्किटे घरच्या टोपात भाजता येतात असे कोणी चार वर्षांपूर्वी सांगितले असते तर आम्ही दोघी हसलो असतो. बिस्किटे म्हणजे भट्टी, हे आमच्या डोक्यात पक्के बसलेले. आम्ही दोघी जावा. थोरली दोन घरची भांडी-लादी आणि एका घरचा स्वयंपाक करते. धाकटी शिवणाच्या कारखान्यात होती, आता घरीच काजे-बटणांचे काम घेते. हा मजकूर धाकटी लिहीत आहे आणि थोरली शेजारी बसून "हे घाल, ते काढ" असे सांगत आहे. म्हणून "आम्ही" म्हटले आहे. जिथे आमचे पटले नाही तिथे तसेच लिहिले आहे.

आधी भट्टीचे सांगतो, कारण सुरुवात तिथूनच आहे. मुंबईतल्या वस्त्यांमधून राहिलेल्या बायकांना हे नवीन नाही. मे महिन्याची सुट्टी लागली किंवा दिवाळी आली की मैदा, रवा, साखर, डालडा, अंडी असे सामान पिशवीत भरून बेकरीत न्यायचे. बेकरीवाले चाचा किलोमागे मजुरी घेत आणि बिस्किटे पाडून देत. नंबर लागायचा रात्रीचा, कारण पाव उतरल्यावरच भट्टी मोकळी होई. आमच्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, महापालिकेत सफाई खात्यात होत्या. पहाटेची हजेरी असूनही त्या रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत भट्टीच्या दारात पत्र्याचा तेलाचा डबा घेऊन बसत. डब्याला आतून वर्तमानपत्र लावलेले. आपले पत्रे त्या स्वतः मोजून घेत. "सामान आपलं, मोजायला लाज कसली?" असे म्हणत. तो डबा घरी आला की सगळी चाळ वासाने जागी होई. नानकटाई वरच्या थरात, नळीची बिस्किटे खाली. महिनाभर चहाबरोबर दोन-दोन मिळत, तीही त्यांच्या हातून.

पुढे आमच्या बेकरीने मजुरीवरचे काम घेणे बंद केले. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅससारख्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. जुन्या फर्निचरचे तुकडे जाळून निघणारा तो धूर आम्हीच गिळत होतो, तेव्हा त्याबद्दल रडण्यात अर्थ नाही. असो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये आत्याबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. रक्तदाबाच्या गोळ्या "आता बरं वाटतंय" म्हणून त्यांनी मध्येच सोडल्या होत्या आणि आम्हा दोघींपैकी एकीनेही ते पाहिले नव्हते. सकाळी हातातला पेला पडला, तोंड एका बाजूला गेले, शब्द जड झाले. आम्ही आधी तेल चोळले, मग शेजारणीला बोलावले, मग रिक्षा. दवाखान्यात समजले की गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते. आम्ही त्याच्या बाहेर पोहोचलो होतो. उजवा हात आणि उजवा पाय गेला. पाय चार-पाच महिन्यांत काठीवर आला. हात मात्र मांडीवर ठेवलेल्या वस्तूसारखा पडून राहिला.

आता जे लिहायचे ते दोघींनाही जड आहे. घरात माणूस अंथरुणावर पडले की प्रश्न एकच उरतो. काम कोणी सोडायचे? थोरलीचा पगार तीन घरांचा मिळून जास्त, म्हणून धाकटीने कारखाना सोडला. धाकटीला वाटे, आपला हक्काचा पगार गेला, ओव्हरटाईम गेला, चार बायकांत बसणे गेले, आणि कोणी विचारलेसुद्धा नाही. थोरलीला वाटे, मी सकाळी सहाला निघते ते संध्याकाळी परतते, माझ्याच पैशावर औषधे चालतात, तरी घरात पाऊल टाकले की तोंडे वाकडी. एके दिवशी दुधाच्या पातेल्यावरून शब्दाला शब्द वाढला आणि आम्ही चूल वेगळी केली. वेगळी कसली? एकाच खोलीत ओट्यावर दोन शेगड्या, मध्ये डब्यांची रांग. फ्रिज थोरलीच्या बाजूला, मिक्सर धाकटीच्या. मुले मध्ये पडलेली. आत्याबाई पलंगावरून हे सगळे पाहत. त्यांना तेव्हा नीट बोलता येत नव्हते, आणि खरे सांगायचे तर आम्हाला ते सोयीचेही होते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला त्यांना बँकेत नेले. आत्याबाई लग्नानंतर कित्येक वर्षे मस्टरवर अंगठा लावत. १९९१ साली वस्तीत प्रौढ शिक्षणाचा वर्ग सुरू झाला, तिथे त्या ड्युटीवरून आल्यावर बसत आणि सही शिकल्या. त्यांच्या नावात अक्षरे चारच, पण पहिले अक्षर "स" त्यांना आठवडाभर साधले नव्हते, असे त्या हसत सांगत. पगाराच्या कागदावर पहिल्यांदा सही केली त्या दिवशी त्यांनी मुकादमाला पेढा दिला होता. अशा बाईचा हात धरून बँकेतल्या माणसाने अंगठा शाईच्या पॅडवर टेकवला. साक्षीदार म्हणून एक बँकेचा माणूस आणि एक बाहेरचा. नियमच तसा आहे, त्याचा दोष नाही. घरी आल्यावर त्यांनी डाव्या हाताने तो अंगठा पदराला पुसला, पुन्हा पुसला. दोन दिवस जेवल्या नाहीत.

दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी सांगितले होते की हाताला काम द्या, चेंडू दाबायला द्या, कणीक तिंबायला द्या. आत्याबाईंनी चेंडू फेकून दिला. "मी काय पोर हाय?" कणकेचे म्हणाल तर धाकटीच्या परातीत हात घातला की थोरलीला काय वाटेल, आणि उलट, या धास्तीने त्या दोन्हीकडे हात लावीत नसत.

मे २०२४ मध्ये धाकटीच्या मुलीला सात वर्षे पूर्ण होणार होती. तिने एका केकच्या दुकानात काचेमागे रंगीत बिस्किटे पाहिली. तारा, फूल, मासा अशा आकारांची, वर गुलाबी-पिवळी साखर. एकेकाची किंमत ऐकून आम्ही तिला बाहेर ओढले. तिने हट्ट केला नाही. त्यामुळेच ते जास्त लागले. धाकटीने ठरवले, करून बघू.

पहिला घाणा असा झाला. मैदा, लोणी, साखर मळून लाटले, वाटीने गोल कापले आणि मिठाच्या टोपात ठेवले. दहा मिनिटांनी झाकण उघडले तर सगळ्यांची मिळून एक चपाती झालेली. दुसऱ्या वेळी मैदा वाढवला आणि वरून तांबूस होईपर्यंत थांबली. आकार राहिला, पण बिस्कीट लादीच्या तुकड्यासारखे. पाव किलो बटर गेले. पलंगावरून आवाज आला, "चाचाला... इचार." किती तरी दिवसांनी आत्याबाई थट्टा करत होत्या, आणि ती आम्हा दोघींना एकदमच कळली. दोघीही हसलो, पण एकमेकींकडे न बघता.

त्यावर थोरली ओट्याच्या पलीकडून म्हणाली, "गोळा थंड केला होतास का?"

यामागे एक गोष्ट आहे. थोरली ज्या घरी भांडी घासते तिथल्या बाई अशी बिस्किटे करतात. थोरलीने सहा वर्षे ते ट्रे घासले आहेत. ट्रेला चिकटलेली साखर गरम पाण्यात भिजवून काढावी लागते, त्या कोनाच्या पिशव्या कचऱ्यात टाकाव्या लागतात. मोडलेले एखादे कधी मिळाले असेल. कृती कोणी सांगितली नाही, तिनेही विचारली नाही. पण फ्रिजमध्ये प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक गोळा तासभर असतो आणि त्याला हलवायचे नाही, हे तिला दर वेळी बजावून सांगितले जाई. भांडी घासणाऱ्या बाईला पाठीला डोळे असतात, असे थोरली म्हणते.

तर गोळा थंड करायला फ्रिज हवा, आणि फ्रिज थोरलीच्या बाजूला. धाकटीने गोळा हातात धरून ठेवला. मागायला तोंड उघडेना. थोरलीने दार उघडून आपली भाजी वर सरकवली आणि मधला कप्पा मोकळा केला. एवढेच झाले. पण तुम्ही दीड वर्ष एका खोलीत दोन चुली पेटवल्या असतील तर तुम्हाला समजेल की ते कितीसे होते.

आता कृती सांगतो, कारण शेजारणी रोज विचारतात. मैदा ३०० ग्रॅम, बटर १५० ग्रॅम, दळलेली साखर १२५ ग्रॅम, एक अंडे, एक मोठा चमचा घट्ट चक्क्यासारखे दही, एक लहान चमचा बेकिंग पावडर, थोडा व्हॅनिला इसेन्स. पिवळे बटर खारट असते, वेगळे मीठ घालू नका. बटर आणि साखर आधी फेसायची, मग अंडे आणि दही, शेवटी चाळलेला मैदा. मैदा घातल्यावर कणकेसारखे तिंबायचे नाही, नुसते एकत्र आणायचे. तिंबले की चिवट होते. दही आणि अंड्यामुळे ते मऊ राहते, नानकटाईसारखे भुसभुशीत होत नाही. दोन्हींची चव वेगळी, एकीला दुसरीच्या मापाने मोजू नये.

गोळा एक तास फ्रिजमध्ये. थंड झाल्यावर त्यातले बटर घट्ट असते, म्हणून टोपात गेल्यावर पसरण्याआधी कडा धरतात. मुंबईच्या मे महिन्यात लाटता लाटताच ते सैल पडते, तेव्हा निम्मा गोळा बाहेर आणि निम्मा आत ठेवावा. पोळीसारखे पातळ लाटू नका. करंगळीच्या जाडीचे, म्हणजे आठ-नऊ मिलिमीटर ठेवा. पातळ झाले की कडक झालेच. उरलेल्या कातरणांचा गोळा करून एकदा लाटावा, तिसऱ्यांदा नाही.

साचे विकत आणले नाहीत. धाकटीच्या नवऱ्याने तुपाच्या डब्याच्या पत्र्याची दोन बोटे रुंद पट्टी कापली, एक कड दुमडली म्हणजे हात कापत नाही, आणि पकडीने वाकवून मासा, पान आणि पतंग केले. माशाची शेपटी जरा बेडकासारखी आहे. मुलांना तोच साचा सर्वांत आवडतो.

भाजायला जाड बुडाचा जर्मनचा टोप. तळाला किलोभर जाडे मीठ, त्यावर कढई ठेवायची कडी, झाकण लावून दहा-बारा मिनिटे मोठ्या आचेवर तापवायचा, मग आच मध्यमपेक्षा कमी. ताटलीला तूप लावून पाच-सहा बिस्किटे, ताटली आणि टोपाच्या भिंतीत बोटभर जागा सोडायची म्हणजे गरम हवा फिरते. साधारण बारा ते चौदा मिनिटे. खरी गोम इथे आहे. वरून ती पांढुरकीच दिसली पाहिजेत. फक्त खालची कड सोनेरी. कच्ची आहेत असे वाटते, बोट लावले तर दबतात, आणि मन म्हणते अजून दोन मिनिटे. त्या दोन मिनिटांनीच आमचा दुसरा घाणा बिघडला होता. काढून पाच मिनिटे ताटलीतच राहू द्या, निवताना घट्ट होतात. या मापात पंचवीसेक होतात, म्हणजे पाच घाणे. मीठ पुन्हा पुन्हा वापरता येते, पण स्वयंपाकात घालू नका. डब्यात ठेवताना पावाची एक चकती टाकली तर ती सुकते आणि बिस्किटे मऊ राहतात. भट्टीच्या डब्यात आम्ही ओल शिरू नये म्हणून धडपडत असू, इथे सगळे उलटे.

वरच्या साखरेचे काम मेंदीचे. ज्यांना मेंदीचा कोन वळता येतो त्यांना निराळे काही शिकायला नको. साखर घरी दळली तर वस्त्रगाळ करा, नाहीतर एका खड्याने कोनाचे तोंड बंद होते. वाटीभर साखरेला तीन-चार लहान चमचे पाणी आणि लिंबाचे चार थेंब. चमचा उचलून रेघ पाडायची आणि आकडे मोजायचे. वीसपर्यंत रेघ टिकली तर ती कडा काढायला, दहात विरली तर मध्ये भरायला. आधी कडेचे कुंपण, ते वीसेक मिनिटे सुकू द्यायचे, मग आत पातळ साखर सोडून काडीने कोपऱ्यापर्यंत न्यायची. बीटच्या रसाने गुलाबी, चिमूटभर हळदीने पिवळी. रात्रभर पंख्याखाली सुकवावी लागतात. आम्ही स्टुलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले होते, मुंग्यांसाठी. पावसाळ्यात मात्र ही साखर चिकटच राहते, तेव्हा करू नये.

वाढदिवसाच्या आदल्या रात्री आम्ही ओट्यावरची डब्यांची रांग काढून कागद पसरला, आणि साखर भरत बसलो. धाकटीचे बोट कोनावर थरथरे, थोरलीचे नाही. आत्याबाई पलंगाच्या कडेला येऊन बसल्या होत्या. नात त्यांच्या मांडीवर कोन ठेवून म्हणाली, "आज्जी, माझ्या माशाला डोळा काढ."

आम्ही दोघींनी मान वर केली नाही. चेंडू फेकला होता तसा कोनही जाईल, असे वाटले. त्यांनी उजवी मूठ डाव्या हाताने उघडली, एकेक बोट कोनाभोवती बसवले, वरून डावा हात धरला. दाबले. काही आले नाही. पुन्हा दाबले. डोळ्याच्या जागी एक मोठा गुलाबी डोंगर झाला. "मोतीबिंदू झाला," नात म्हणाली. आत्याबाई हसल्या, आणि त्यांच्या तोंडाची ती वाकडी बाजूही थोडी हलली. तासाभरात त्यांनी तीन मासे केले. तिसऱ्याचा डोळा डोळ्याएवढा होता.

त्यानंतर महिन्यातून दोन रविवार हे चालू आहे. पावसाळ्यात साखरेऐवजी कणकेचा पातळ घोळ कोनात भरून तव्यावर रेघा काढतो. त्यांना साखर बेताचीच द्यायची असते, पण त्यांना खाण्यात रस नाही, कोनात आहे. व्यायामाच्या बाईंनी पाहिले तेव्हा म्हणाल्या, "चेंडूपेक्षा हे बरं. चिमटीचं काम आहे."

एकदा पतंगावर त्या काहीतरी वळणे काढत होत्या. थोरली म्हणाली, फूल आहे. धाकटी म्हणाली, साप आहे. तो "स" होता. खालची रेघ बिस्किटाबाहेर गेली होती.

मग आम्ही मोठी बिस्किटे करू लागलो, ताटलीएवढी चौकोनी, म्हणजे नाव मावेल. चार अक्षरांना त्यांना सप्टेंबर उजाडला. मुलांना सांगितले होते, आज्जीने लिहिलेले आधी आम्हाला दाखवायचे, मग खायचे. एकदा पोरांनी न दाखवताच फस्त केले, त्यावर घरात मोठा तंटा झाला. पण तो दोन चुलींचा तंटा नव्हता.

चूल पुन्हा एक कधी झाली ते आम्हा दोघींनाही आठवत नाही. धाकटी म्हणते दिवाळीत, थोरली म्हणते त्याआधीच. गॅसचे एक सिलिंडर संपले आणि दुसरे लावले गेले नाही, एवढे खरे. आता थोरलीने एक घर सोडले आहे, दुपारी ती घरी असते, आणि धाकटी चार तास कारखान्यात जाते. पैसे कमी येतात. ते कमीच आहेत, त्यावर गोड बोलून उपयोग नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा बँक. आत्याबाईंनी अंगठा पुढे केला नाही, पेन मागितले. पेन कोनापेक्षा बारीक, घसरते, हे आमच्या लक्षातच आले नव्हते. सही झाली, पण जुन्या सहीशी जुळेना. खिडकीतल्या बाईंनी नवीन नमुना सहीचा कागद दिला, तीन चौकटींत तीन सारख्या सह्या हव्या होत्या. पहिली बरी आली, दुसरी चौकटीबाहेर गेली, तिसरीला हात थकला. शेवटी अंगठाच द्यावा लागला.

त्या रडतील म्हणून आम्ही दोघी दोन्ही बाजूंनी चालत होतो. गल्लीच्या तोंडाशी थांबून त्यांनी श्वास घेतला आणि म्हणाल्या, "पेनाला... चिंधी गुंडाळा. जाड व्हइल."

गुंडाळली आहे, सुती कापडाची, वरून दोरा. बिस्किटांचा गोळा फ्रिजमध्ये आहे, मधल्या कप्प्यात, आणि तोवर त्या शेजारी बसून जुन्या वहीत चौकटी भरत आहेत.